खाडीपलीकडची माणसं

कोल्हापूरला समुद्र नाही, पण १८१२ सालापर्यंत होता. मालवणचं बंदर, समोरच्या बेटावरचा सिंधुदुर्ग, त्याच्या आसऱ्याचे पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे सगळं करवीरच्या छत्रपतींच्या राज्यात मोडत असे. १८१२ च्या तहानं ते इंग्रजांकडे गेलं आणि यापुढे लढाऊ जहाजं बाळगायची नाहीत, असंही दरबाराला कबूल करावं लागलं. तेव्हापासून कोल्हापूरकरांचा समुद्राशी संबंध उरला तो दोनच प्रकारचा. एक व्यापाराचा, म्हणजे घाटानं खाली जाणारा गूळ आणि वर येणारे मीठ, नारळ, सुकी मासळी. दुसरा सोयरिकीचा. मी या दुसऱ्या प्रकारातली. माहेर विजयदुर्गच्या पट्ट्यातलं, सासर कोल्हापूरचं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘पाणवाटा’ हा विषय कळवला तेव्हा घरात पहिल्यांदा बोलणं झालं ते पंचगंगेवर आणि राधानगरीच्या धरणावर. पण मला लिहायचं होतं ते किनाऱ्याच्या वाटेबद्दल. माझ्या आईच्या पिढीपर्यंत आमच्याकडचे लोक एकमेकांकडे जात ते बोटीनं. ही बोट बंद होऊन तीन दशकं उलटली. आता पुन्हा मुंबई ते विजयदुर्ग अशी बोट सुरू करण्याच्या हालचाली आहेत. मधल्या काळात खाड्यांवर गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आल्या. तेव्हा गणपती उरकल्यावर आम्ही नवरा-बायको निघालो. किनारा धरून विजयदुर्गापासून मुंबईपर्यंत जायचं, जिथे पाण्यावरून जाता येईल तिथे पाण्यावरून जायचं, आणि वाटेतल्या एकाही नातेवाइकाला टाळायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

बावड्याचा घाट

कोल्हापूरहून कोकणात उतरायला आंबा, अणुस्कुरा, बावडा, फोंडा, आंबोली असे घाट आहेत आणि प्रत्येक घाटाला पायथ्याशी स्वतःचं एक बंदर आहे. अणुस्कुऱ्याचं राजापूर, फोंड्याचं देवगड-मालवण, आंबोलीचं वेंगुर्ला. आमची वाट गगनबावड्याची. कोल्हापूरपासून बावडा ५५ किलोमीटर. तिथून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून वैभववाडी, तळेरे, आणि पुढे पडेल कँटीनवरून विजयदुर्ग.

या बावड्याचा आणि आरमाराचा संबंध फार जुना. ‘आज्ञापत्र’ लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर इथली. कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिल्या गेलेल्या त्या ग्रंथात आरमाराचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजं कोणत्या आकाराची असावीत, खलाशांचे पगार कसे वेळेवर पोचावेत, जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात का लावू नये, इतक्या बारकाव्यानं ते लिहिलं आहे. डोंगरावर राहणाऱ्या कारभाऱ्याला समुद्राची इतकी माहिती होती, कारण त्याचं राज्य खाली समुद्रापर्यंत पोचत होतं.

गाडीत मागच्या सीटवर गुळाचे रवे होते. कोल्हापूरकर कोकणात रिकाम्या हातानं जात नाही. प्रत्येक घरासाठी एक रवा, एक काकवीची बाटली आणि कांदा-लसणाची चटणी. गूळ कोकणात टिकवणं हेही एक कामच असतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो सुटायला लागतो, वरचं आवरण चिकट होतं आणि दोन-तीन दिवसांत कागद काढता येत नाही. म्हणून सासूबाईंनी प्रत्येक रवा आधी कोरड्या सुती फडक्यात, मग वर्तमानपत्रात, आणि सगळ्यात वर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिला होता. गुळाच्या ढेपा पूर्वी बैलगाड्यांवर लादून घाटानं उतरायच्या तेव्हाही त्यांना गोणपाटाचं वेष्टण असायचं.

आणखी एक गोष्ट घाट उतरताना लक्षात घ्यावी लागते. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. त्यामुळे पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की तळकोकणातले लोक उलटे घाट चढून कोल्हापूर गाठत आणि मिरजेवरून मुंबईला जात. वर्षातले चार महिने कोकणचं बंदर कोल्हापूर होतं, असं म्हणायला हरकत नाही. मुंबईत गिरणीत असलेल्या माझ्या आजोबांना ही दोन्ही वेळापत्रकं पाठ होती. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कोल्हापूर–वैभववाडी मार्गाची घोषणा झाली. त्या मार्गावर अजून रूळ पडलेले नाहीत.

पडाव, शिडी आणि लिंबू

विजयदुर्गला वाघोटन नदी समुद्राला मिळते. पूर्वेकडच्या बाजूला किल्ल्याच्या आडोशानं खाडी इतकी शांत असते की, बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आतल्या होड्या जागच्या हलत नाहीत. आंग्र्यांनी आपलं आरमार इथे का ठेवलं, हे तिथे उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही. जवळच गिर्ये गावात त्यांची गोदी आहे. शंभर मीटरहून जास्त लांब. जहाज भरतीला आत घ्यायचं, तोंड बंद करायचं आणि ओहोटीला कोरडं पडलं की डागडुजी करायची, अशी तिची रचना.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिला मी बोटीबद्दल विचारलं तेव्हा ती आधी वासाबद्दल बोलली. तेलाचा, कोळशाचा, सुक्या मासळीचा आणि उलट्यांचा एकत्र वास. मग पडावाबद्दल. बोट बंदराला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि भोंगा द्यायची. किनाऱ्यावरून उतारूंना पडावात भरून तिच्यापर्यंत न्यायचे. पडाव म्हणजे मोठी, रुंद होडी. पडाव बोटीच्या अंगाला लागला की खरी परीक्षा. लाट पडावाला वर उचलायची तेव्हा शिडीची पायरी समोर यायची आणि लाट उतरली की ती पुरुषभर वर राहायची. वर येण्याच्या त्या क्षणी खलाशी दंडाला धरून माणसाला उचलून शिडीवर टाकत. मुलं हातोहात जात. ट्रंका, वळकट्या, फणस, कोंबड्या सगळं त्याच वाटेनं. आईला तिच्या वडिलांनी पहिल्यांदा मुंबईला नेलं तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. एका खलाशानं तिला वर दिलं आणि दुसऱ्यानं धरलं त्या मधल्या क्षणात तिनं खाली पाहिलं होतं. ‘हिरवागार पाणी,’ एवढंच ती आजही सांगते.

वर गेल्यावर डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची. बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगायचं, आवळासुपारी चघळायची. पोटात काहीतरी असावं म्हणून भाकरी आणि सुकी चटणी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत दुसऱ्या दिवशी पणजीला पोचायची. सगळ्याच बोटी सगळी बंदरं घेत असं नाही, पण प्रत्येक मोठ्या खाडीच्या तोंडाशी एक थांबा होता.

या बोटींचा इतिहास गोड नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीनं या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं मक्ता गाजवला. स्वदेशीच्या काळात तिच्याविरुद्ध एतद्देशीयांनी भाग गोळा करून स्वतःची कंपनी काढली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला शोक होता. पुढच्या काळातल्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी माझ्या वयाच्या लोकांना आठवतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ही सेवा बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बोट परत आणा, असं म्हणणारं कोणी राहिलं नाही.

मला यात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आमच्या घराण्यातल्या मुली कुठे कुठे दिल्या आहेत ते कागदावर मांडलं, तर ती यादी बोटीच्या थांब्यांची निघते. आत्या जयगडला. आईची मावशी दाभोळला, तिचीच मुलगी पुढे हर्णैला. धाकटी आत्या मालवणला. पण तीस किलोमीटर आत, डोंगरातल्या गावांत आमची एकही सोयरीक नाही. बंदराच्या गावाला मुलगी दिली की ती बोटीनं एका दिवसाच्या आत माहेरी येऊ शकते. आतल्या गावाला दिली तर बैलगाडी, होडी, पायपीट आणि पुन्हा होडी. स्थळं शोधताना हे कोणी बोलून दाखवत नसेल, पण हिशेब तोच होता.

तिथीचा पाऊणपट

विजयदुर्गाहून रत्नागिरीपर्यंत जैतापूर, आडिवरे, पूर्णगड, पावस अशा वाटेनं आता सगळीकडे पूल आहेत. पाण्यावरून जायची वेळ येत नाही. रत्नागिरी सोडून गणपतीपुळ्यावरून जयगडला पोचलो की मात्र शास्त्री नदी आडवी येते आणि पलीकडे गुहागर तालुक्यातलं तवसाळ दिसतं. इथे फेरीबोट आहे.

त्याआधी आत्या. तिचं घर जयगडच्या वरच्या अंगाला, चिऱ्याचं, पुढे खळं. तिनं आम्हाला पाहताच पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा आणि दुसरा, ‘राहणार ना?’ नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दुपारच्या बोटीनं पुढे जायचं ठरवलं होतं. आत्यानं कालनिर्णयाकडे नजर टाकली, तिथी पाहिली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, ‘आता पाणी उतरतंय. गाडी उतरवताना खाली आपटेल. जेवा, झोपा, मग बघू.’

हे गणित किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात येतं. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, द्वादशी असेल तर नऊ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसाला दोन भरत्या, त्यांच्यात साधारण साडेबारा तासांचं अंतर, आणि रोज सुमारे पाऊण तासानं वेळ पुढे सरकते. म्हणून हा पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग. कोल्हापूरच्या माणसाला पंचांग लागतं ते मुहूर्तासाठी. इथे ते लागतं होडी पाण्यात कधी लोटायची, जाळं कधी टाकायचं, कालवं काढायला खडकावर कधी जायचं यासाठी. आत्याची शाळा चौथीपर्यंतच झाली. घड्याळ न बघता ती दुपारच्या पाण्याची वेळ सांगते आणि ती फारशी चुकत नाही.

आत्याचं लग्न साठच्या दशकातलं. वऱ्हाड विजयदुर्गाहून बोटीनं जयगडला आलं होतं. लग्न आटोपल्यावर माहेरची माणसं परतीच्या बोटीसाठी बंदरावर गेली, तर समुद्र चढल्यामुळे बोट न थांबता सरळ पुढे निघून गेली. पुढची बोट येईपर्यंत सगळं वऱ्हाड सासरच्या घरी राहिलं. सासूबाई पहिल्या दिवशी चिडल्या, दुसऱ्या दिवशी त्यांची आजीशी मैत्री झाली आणि ती दोघी असेपर्यंत टिकली. बोटीच्या काळातल्या पाहुणचाराचं हे वैशिष्ट्य होतं. किती दिवस राहायचं हे पाहुण्याच्या हातात नव्हतं, यजमानाच्याही नव्हतं. एक वेळ चहा पिऊन निघणं शक्यच नव्हतं. पावसाळ्यात तर माहेर बंदच. गणपती लवकर आले तर बोटी सुरू झालेल्या नसत, आणि मुलगी माहेरच्या गणपतीला मुकायची. आत्या अशी अनेक वर्षं मुकली. हे सांगतानाही तिच्या आवाजात तक्रार आहे आणि ती असायलाच हवी. जुनी बोट आठवून हळवं होणाऱ्या आम्हा लोकांनी ही बाजू विसरू नये.

आम्ही राहिलो. रात्री कुळथाची पिठी, भात, तळलेले बांगडे. नवऱ्याला कोल्हापुरात रोज तिखट लागतं. त्यानं पिठी तीनदा मागून घेतली. सकाळी आत्यानं गुळाचं फडकं सोडलं, बोटानं रवा दाबून पाहिला आणि लगेच बरणीत घातला. वर झाकण लावून त्यावर पुन्हा कापड बांधलं.

धोपावे ते दाभोळ

तवसाळहून हेदवी, वेळणेश्वर, गुहागर करत धोपाव्याला आलो. समोर वाशिष्ठीची रुंद खाडी, पलीकडे दाभोळ. २००३ साली सुवर्णदुर्ग शिपिंगनं इथे फेरीबोट सुरू केली आणि मग त्याच पद्धतीनं इतर खाड्यांवरही बोटी आल्या. त्याआधी इथे माणसं लाँचनं किंवा होडीनं जात, पण गाडी असेल तर चिपळूण-खेड-दापोली असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा होता. समोरचं गाव दिसतंय, तिथल्या मशिदीची बांग ऐकू येतेय, आणि तिथे जायला अर्धा दिवस लागतोय, अशी अवस्था.

बोटीचं काम कसं चालतं ते मी धक्क्यावर उभं राहून बराच वेळ पाहिलं. बोट म्हणजे सपाट बुडाचं लोखंडी तराफ्यासारखं जहाज. पुढच्या तोंडाला एक भक्कम फळी, साखळदंडावर उचलली जाणारी. बोट उताराला टेकली की फळी खाली येते, तिचं टोक काँक्रिटवर खरवडत बसतं. भरतीला ती वरच्या बाजूला टेकते, ओहोटीला कितीतरी खाली, म्हणून धक्क्याचा उतार लांबलचक बांधलेला असतो. खालच्या भागावर शेवाळ असतं. दुचाकीवाले तिथेच घसरतात. इंजीन बंद करत नाहीत. बोट आपलं नाक उताराला दाबून धरते, नाहीतर खाडीची ओढ तिला बाजूला नेईल.

आधी पलीकडून आलेली माणसं उतरतात. मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका सगळ्यात पुढे, कारण त्यांचा माल थांबत नाही. मग दुचाकी, मग मोठ्या गाड्या. चढताना शिट्टीवाला पोरगा हातानं खुणा करत एकेक गाडी आत घेतो. वजन दोन्ही बाजूंना सारखं बसलं पाहिजे, म्हणून जड टेम्पो मधोमध आणि हलक्या गाड्या कडेला. आम्हाला गाडी उलटी चढवायला सांगितली. माझा नवरा घाटात मोठ्या सराईतपणे गाडी चालवतो, पण हलत्या फळीवर मागे बघत चढताना त्याच्या कपाळावर घाम आला. चाकं आत आल्याबरोबर पोरानं मागे-पुढे लाकडाचे ठोकळे सरकवले. पुढच्या गाडीच्या आणि आमच्या गाडीच्या मधे पंजाएवढी जागा. फळी वर आली, बोट मागे सरली, वळली.

या पाण्याचं घाटाशी नातं आहे. कोयनेच्या धरणातलं पाणी वीज तयार केल्यावर सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडलं जातं आणि ते वाशिष्ठीतून इथे येतं. कोयना खरं तर कृष्णेला मिळणारी नदी. तिचा एरवीचा रस्ता सांगलीकडून पूर्वेला. म्हणजे आमच्या पंचगंगेला कृष्णेत भेटायचं ते पाणी या बोटीखालून अरबी समुद्राला चाललं होतं. डाव्या हाताला अंजनवेलचा वीज प्रकल्प दिसतो. ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणून देशभर गाजलेला हा प्रकल्प दाभोळमध्ये नाही, खाडीच्या अलीकडे गुहागर तालुक्यात आहे. दाभोळच्या लोकांना त्याचं नाव मिळालं.

दाभोळला आईच्या मावशीचं घर आता बंद आहे. मुलं पुण्याला आणि शारजाला असतात. शेजारच्या घरातल्या खालाजान किल्ली ठेवतात. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही, पण आजीचं नाव सांगितल्यावर आत घेतलं, शेवया खाऊ घातल्या आणि मावशीच्या घराचं दार उघडून दाखवलं. त्यांच्यासाठी गुळाचा रवा मोजलेला नव्हता. मुंबईसाठी ठेवलेला एक त्यांना दिला.

हर्णैला आईची मावसबहीण. सुवर्णदुर्गासमोरच्या त्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव वाळूवरच होतो. मोठ्या बोटी आजही आत येत नाहीत, बाहेर नांगर टाकून उभ्या राहतात. माल छोट्या होड्यांतून, मग बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येतो. बैल पोटापर्यंत पाण्यात जातात. पडावाचं काम कसं चालत असेल ते आईच्या बोलण्यातून जेवढं समजलं नव्हतं तेवढं इथे दहा मिनिटांत समजलं. एवढ्या उलाढालीच्या बंदराला नीट धक्का नसणं ही गोष्ट मात्र मला बिलकूल रम्य वाटली नाही. तिच्या नवऱ्याचा खांदा होडी-बैलगाडीच्या या चढउतारात निखळला होता. तो हात त्याला आता पूर्ण वर नेता येत नाही.

बाणकोटचा पूल

केळशी ओलांडून बाणकोटच्या खाडीवर वेश्वीला आलो. ही सावित्री, महाबळेश्वरला उगम पावलेली. पलीकडे रायगड जिल्ह्यातलं बागमांडला. इथल्या पुलाचं काम सुरू होऊन मधेच थांबलं आणि कित्येक वर्षं पाण्यातून वर आलेले खांब तसेच उभे राहिले. बोट रोज त्यांच्याजवळून जाते.

रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग व्हावा हे अंतुल्यांच्या काळापासूनचं स्वप्न. आता रस्ते विकास महामंडळानं उरलेल्या खाड्यांवरचे पूल हाती घेतले आहेत. पूल झाले की फेरीबोटींचं काय, असा प्रश्न मी बोटीवरच्या तिकीटवाल्याला विचारला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. रात्री बोट बंद असते, म्हणाला, आणि बाळंतपण रात्री येतं. त्याच्या स्वतःच्या वहिनीला रात्री वळसा घालून महाडला न्यावं लागलं होतं. ज्याची नोकरी पुलानं जाणार तोच पूल हवा म्हणतो, तिथे वाद घालण्यासारखं काही नाही.

पण पूल झाल्यावर गाडी थांबणार नाही हेही तितकंच खरं. फेरीबोटीमुळे धोपावे, तवसाळ, वेश्वी या गावांत पाऊण तासासाठी का होईना माणूस उतरतो. चहा पितो, सोलं विकत घेतो, समोरच्याला कुठले म्हणून विचारतो. वेश्वीच्या टपरीवर आमची ज्या जोडप्याशी गाठ पडली ते निपाणीचं निघालं आणि त्यांची सून माझ्या नणंदेच्या शाळेत शिक्षिका निघाली. पुलावरून साठच्या वेगानं जाताना हे झालं नसतं.

थांबा

श्रीवर्धन, दिवेआगर, मग दिघीहून आगरदांड्याची बोट, मुरूड, रेवदंडा, अलिबाग. हा पट्टा आम्ही भरभर ओलांडला, कारण तिथे आमचं कोणी नाही. मांडव्याहून भाऊच्या धक्क्यावर जाणारी रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली. पाचशेच्या आसपास माणसं आणि शंभराहून जास्त गाड्या एका खेपेला नेणारी ही बोट आणि धोपाव्याची बोट यांची जात एकच, पण अनुभव अगदी वेगळा. इथे वातानुकूलित बैठक आहे, खाण्याचा काउंटर आहे, वर मोकळा डेक आहे. तासाभरात मुंबई.

हीच सेवा विजयदुर्गापर्यंत नेण्याची घोषणा २०२५ साली झाली. जयगड तीन तासांत, विजयदुर्ग पाच तासांत, असं सांगितलं गेलं. कोल्हापूरच्या दृष्टीनंही ही बातमी लहान नाही. विजयदुर्गाहून घाट चढून कोल्हापूर दीडशे किलोमीटरांच्या आसपास. आमच्याकडचा गूळ, भाजीपाला पुन्हा एकदा समुद्रानं मुंबईला जाऊ शकतो.

मात्र यापूर्वी काय झालं तेही पाहावं. नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान मुंबई–गोवा धावली आणि बंद पडली. २०१८ साली ‘आंग्रिया’ ही आलिशान बोट सुरू झाली. विजयदुर्गासमोरच्या समुद्रातल्या बुडीत प्रवाळ-पठाराचं नाव घेतलेली ती बोट मुंबईहून थेट गोव्याला जायची. कोकणच्या किनाऱ्यावरची माणसं तिचे रात्रीचे दिवे पाहायची. करोनात तीही थांबली. दोन्ही बोटी उत्तम होत्या. पण त्यांचा उतारू पर्यटक होता, आणि पर्यटकाला दुसरा पर्याय मिळाला की तो जातो. जुन्या बोटीवर वास होता, उलट्या होत्या, जिवाची भीती होती, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या भरून चालली. तिच्यावरचा प्रत्येक माणूस कोणाच्या तरी घरी चालला होता.

म्हणून नव्या बोटीबद्दल मला वेगापेक्षा थांब्यांची काळजी आहे. जयगडला उतरलेला माणूस तिथून गणपतीपुळ्याला, तवसाळला, चाफ्याला कसा जाणार? बोटीच्या वेळेला लागून एसटी सुटणार का? पडेल कँटीनच्या तिठ्यावर कोल्हापूरची गाडी उभी असेल का? दाभोळ आणि हर्णैला बोट थांबेल का, निदान आठवड्यातून एकदा? ज्यांच्याकडे गाडी नाही त्या म्हाताऱ्या माणसांचं तिकीट त्यांना परवडेल असं असेल का? जेटी बांधणं खर्चाचं काम असतं, ही बाकीची कामं तशी स्वस्त आहेत. त्यासाठी बंदर खातं, एसटी आणि ग्रामपंचायत यांनी एका टेबलाशी बसायला हवं.

भाऊच्या धक्क्यावर दीर घ्यायला आले होते. गाडीत बसल्या बसल्या मी आत्याला फोन लावला, पोचल्याचं सांगितलं. तिचा मुलगा भांडुपला असतो. त्याचं नवं घर तिनं पाहिलेलं नाही, कारण एसटीत तिची कंबर टिकत नाही आणि रेल्वेसाठी रत्नागिरीपर्यंत जावं लागतं. तिनं विचारलं, नवीन बोट जयगडला लागली तर पडावानं जावं लागेल का. मी म्हटलं, नाही आत्या, जेटीवरून सरळ चालत आत जायचं, मध्ये पायरीसुद्धा नाही.

‘मग मी येतेय,’ ती म्हणाली. ‘तारीख कळली की चार दिवस आधी सांग. तांदूळ दळून घ्यायचे आहेत.’